कार्डाचा सातबारा

बरेच दिवसांत इथे काही लिहिले नाही. एकदोघांनी फोन करून विचारलेसुद्धा, "मास्तर, ब्लॉग बंद केलात की काय?" बंद केलेला नाही. हातून एक चूक झाली होती आणि ती निस्तरण्यात सगळा पावसाळा गेला. त्या चुकीच्या मागे मागे जाता जाता थोडा इतिहास हाती लागला. जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवून पोट भरले, तेव्हा हाती लागलेला इतिहास खिशात ठेवून गप्प बसणे जमत नाही. नातेवाईक मंडळींपैकी ज्यांना यंत्रांचा कंटाळा आहे त्यांनी निदान मंगळापर्यंत तरी यावे. तिथे गोष्ट आहे.

चूक अशी झाली. २०१८च्या दिवाळीत भाच्याने मला रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक आणून दिला. संगणक कसला, पत्त्यांच्या कॅटएवढी एक हिरवी पाटी. तिला ना पडदा, ना कळफलक, ना आत फिरणारी डिस्क. पोटाशी एक फट आणि त्या फटीत नखाएवढे कार्ड. जे काही आहे ते त्या कार्डावर. भाच्याने तिला जुना स्पीकर जोडून दिला आणि वर एक बटण बसवले. दाबले की आमच्या हिच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या लागायच्या. हिने आपल्या आईकडून ऐकलेल्या ओव्या आम्ही दोघांनी दोन वर्षे दुपारी बसून फोनवर मुद्रित केल्या होत्या. एकूण ६३. ही २०१९ साली गेली. फोन त्याआधीच बिघडून भंगारात गेला होता. म्हणजे ६३ ओव्या आणि एक कार्ड, एवढाच हिशेब. "मामा, एक प्रत दुसरीकडे ठेवा," असे भाचा दर दिवाळीला म्हणायचा आणि मी दर दिवाळीला "ठेवतो" म्हणायचो.

यंदा जूनमध्ये रात्री वीज गेली. सकाळी आली तेव्हा पाटीवरचा लाल दिवा लागला, पण बटण दाबून काही उपयोग होईना. मी कार्ड काढून लॅपटॉपमध्ये घातले. पडद्यावर दोन ड्राइव्ह दिसले. एकात इंग्रजी नावांच्या पाचपंचवीस फायली, ओव्यांचा पत्ता नाही. दुसऱ्यावर टिचकी मारली तर विंडोजने विचारले, हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल, करू का? ओव्या तर दिसत नव्हत्या, आणि वापरण्यासाठी हे करणे आवश्यक आहे असे यंत्रच सांगत होते. मी हो म्हटले. चार सेकंदांत काम झाले. उघडून पाहिले तर स्वच्छ, रिकामा ड्राइव्ह.

भाच्याला फोन केला. तो पलीकडे क्षणभर काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, आता त्या कार्डाला हात लावू नका. काही कॉपी करू नका, पुन्हा घालून बघू नका. डबीत ठेवा. मी रविवारी येतो."

रविवार यायला चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी वाचायला लागलो. कार्ड डबीत, डबी देवघरात आणि मी लॅपटॉपपुढे.

आधी हे कार्ड म्हणजे काय ते पाहू. संगणकाला वीज गेल्यावरही लक्षात राहील अशी चिप हवी, ही गरज जुनी. १९७१ साली इंटेल कंपनीत डॉव्ह फ्रोमन यांनी एक चिप केली, तिला ईप्रॉम म्हणत. तिच्यावरचे लिहिलेले पुसायचे तर वरच्या काचेच्या खिडकीतून तिला अतिनील किरणांत काही मिनिटे ठेवावे लागे. पुसण्यासाठी चिपला ऊन खायला घालायचे म्हणा ना! पुढे विजेनेच पुसता येणाऱ्या चिपा आल्या, पण त्या महाग आणि एकेक अक्षर पुसत बसणाऱ्या. जपानात तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी उलटा विचार केला. एकेक अक्षर पुसायची सोय काढूनच टाकली आणि एका झटक्यात सगळा ठोकळा पुसायची सोय ठेवली. त्यामुळे चिप दाट आणि स्वस्त करता आली. कॅमेऱ्याचा फ्लॅश उडावा तसे सगळे एका क्षणात पुसले जाते म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याने 'फ्लॅश' हे नाव सुचवले. १९८४ साली मासुओकांनी हा शोध अमेरिकेत एका परिषदेत मांडला. १९८७ साली त्याचाच नँड हा दुसरा प्रकार मांडला. आज आपल्या फोनमध्ये आणि पेनड्राइव्हमध्ये बसतो तो बहुतेक हाच. बाजारात मोठ्या प्रमाणावर फ्लॅश आणण्याचा मान मात्र १९८८ साली इंटेलने घेतला. मासुओका १९९४ साली तोशिबा सोडून तोहोकू विद्यापीठात प्राध्यापक झाले. शोधाचा योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून २००४ साली त्यांनी आपल्या जुन्या कंपनीवर दावा लावला आणि २००६ साली ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. आपल्या पगारातल्या फरकाच्या थकबाकीसाठी खेटे घातलेल्या कोणाही शिक्षकाला हा माणूस जवळचा वाटेल. असो.

माझ्या विद्यार्थ्यांना सांगायचे तर फ्लॅश म्हणजे दगडी पाटी. कोऱ्या पाटीवर हवे तिथे लिहिता येते. पण खोडायचे तर एक अक्षर खोडता येत नाही, ओल्या बोळ्याने सगळी पाटी पुसावी लागते. आणि पुसून पुसून पाटी झिजते. काही हजार वेळा, चांगली असेल तर लाखभर वेळा, मग ती धरत नाही. म्हणून फ्लॅशवर काम करणाऱ्यांना कायम एकच चिंता असते, एकाच कोपऱ्यावर सारखी पुसापुशी होता कामा नये. माझ्या कार्डासारख्या कार्डांत ही चिंता वाहायला आत एक चिमुकला कारभारी बसवलेला असतो. तो आतल्या आत जागा बदलत राहतो, बाहेरच्याला कळतही नाही. पण यंत्राच्या पाटीवर थेट डाग देऊन बसवलेली फ्लॅश असते, तिथे बहुधा असा कारभारी नसतो. सगळे नियोजन यंत्रानेच करायचे.

आता वाटणीकडे येतो. माझ्या कार्डाचे दोन ड्राइव्ह का दिसले? कार्ड तर एकच.

याचे उत्तर १९८३ सालात आहे. त्या मार्चमध्ये आयबीएमने पीसी एक्सटी हा संगणक काढला, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती. आज जेमतेम काही फोटो मावतील एवढी. पण तेव्हा ती इतकी अवाढव्य वाटली की एका माणसाची एक पद्धत ती भरून टाकील हे कोणाला खरे वाटेना. एकाच डिस्कवर दोन-तीन वेगवेगळ्या कार्यप्रणाल्या शेजारी शेजारी राहू शकल्या पाहिजेत, असा विचार झाला. त्यासाठी डिस्कची वाटणी करायची ठरली आणि वाटणीचा कागद डिस्कच्याच पहिल्या तुकड्यावर लिहून ठेवायचे ठरले. तो पहिला तुकडा ५१२ बाइटांचा. त्यातले ४४६ यंत्र सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, शेवटचे २ खुणेला, आणि मधले ६४ वाटणीला. एका वाटणीची नोंद १६ बाइटांची, म्हणजे चार वाटण्या. चारच. पाचवा भाऊ निघाला तर एका वाटणीत पोटवाटणी करायची. कुठून सुरू, किती लांब, कोणत्या जातीची, एवढेच त्या नोंदीत असते.

हे वाचल्यावर मला आमचा सातबारा आठवला. १९६१ साली आमच्या वडिलांची आणि दोन काकांची वाटणी झाली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. मोजणीदार साखळी घेऊन आला, दगड रोवले गेले, वडिलांच्या वाट्याला विहिरीकडचा पट्टा आला. दुसऱ्या दिवशी शेतात गेलो तर शेत तसेच्या तसे. तीच काळी माती, तीच ढेकळे. रेषा कुठे होती? चावडीतल्या कागदावर. तलाठ्याच्या दप्तराला वाळवी लागली असती तरी मातीला त्याचे काही नव्हते, आणि त्याच वेळी कोणते शेत कोणाचे हे सांगायला मात्र कोणी उरले नसते. चार वाटण्यांचा तो ६४ बाइटांचा उतारा असाच. आश्चर्य म्हणजे १९८३चा तो उतारा आजही चालू आहे. माझ्या नखाएवढ्या कार्डाच्या पहिल्या ५१२ बाइटांत तोच नमुना भरलेला होता.

रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ला विक्रीला आला. त्याच्या चिपमध्ये कायमचा कोरलेला जो सुरुवातीचा प्रोग्रॅम आहे त्याला फक्त फॅट ही एकच जुनी मांडणी वाचता येते. ही मांडणी मायक्रोसॉफ्टच्या बाल्यावस्थेतली, १९७७ सालची. म्हणून कार्डावर पहिली एक छोटी वाटणी फॅटची ठेवतात. तिच्यात यंत्र जागे करायला लागणाऱ्या फायली. यंत्र जागे झाले, लिनक्स उभे राहिले, की मग त्याला दुसरी मोठी वाटणी वाचता येते. खरा संसार तिथे. माझ्या ओव्याही तिथे. विंडोजला मात्र पहिली वाटणी वाचता येते, दुसरी येत नाही. ज्याची लिपी आपल्याला कळत नाही तो कागद कोराच आहे, असे विंडोजचे मत. मोडी न येणाऱ्या वारसदारांनी किती दफ्तरे बंबात घातली ते आम्ही इतिहासवाले जाणतो. त्या वारसदारांना मी वर्गात नावे ठेवत आलो आणि जूनमध्ये तेच केले.

मोठ्या यंत्रांना हे वाटणीचे लाड परवडतात. लहान पाट्यांची गोष्ट वेगळी. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर आठवतो का? पुण्यात भाच्याच्या घरी होता, दोन शिंगे असलेला. आत फ्लॅश फक्त ४ एमबी. त्यात पहिले २५६ केबी यंत्र जागे करणाऱ्या प्रोग्रॅमचे, शेवटचे ६४ केबी मालकाने भरलेल्या पासवर्ड वगैरे गोष्टींचे, आणि मधल्या ३७७६ केबीत बाकी सगळे. गंमत म्हणजे अशा पाटीवर बहुधा वाटणीचा उताराच नसतो. उतारा ठेवायचा तर तो कुठल्या तरी ठोकळ्यावर लिहावा लागणार आणि तो ठोकळाच झिजला तर? म्हणून जागे होताना सुरुवातीचा प्रोग्रॅम लिनक्सला तोंडी सांगतो, किंवा लिनक्समध्येच आधी लिहून ठेवलेले असते, इथून इथपर्यंत हे, तिथून तिथपर्यंत ते. जुन्या गावात कागद नसताना एखाद्या म्हाताऱ्याला सगळ्यांच्या बांधांचे पाठ असायचे, तसे.

या राउटरमध्ये लिनक्स आहे हे २००३ साली लोकांच्या लक्षात आले, परवान्याच्या अटीनुसार कंपनीला त्याचा मूळ मजकूर खुला करावा लागला, आणि जानेवारी २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. त्या मंडळींनी पुढे ३७७६ केबींची जी वाटणी केली ती मला फार आवडली. मधल्या जागेचा मोठा भाग दाबून दाबून भरलेला, आणि नुसता वाचायचा. त्यावर लिहिताच येत नाही. उरलेला तुकडा लिहिण्यासाठी. वापरणारा जे काही बदल करतो ते त्या तुकड्यात जातात आणि वाचताना दोन्ही एकावर एक ठेवून वाचायचे. मूळ पोथीला हात लावायचा नाही, टिपा वेगळ्या कागदावर. टिपा बिघडल्या तर तेवढा कागद फाडायचा, पोथी शाबूत. ज्यांनी हे पाळले नाही आणि पहिल्या २५६ केबींवर चुकून काही लिहिले, त्यांच्या राउटरची 'वीट' झाली. हा शब्द त्याच लोकांचा. दिवा लागत नाही, बोलत नाही, भिंतीत घालण्याच्या लायकीची.

तर जानेवारी २००४. इकडे ही मंडळी ४ एमबीच्या वाटण्या मोजत होती, आणि तिकडे मंगळावर एक यंत्र नेमके फ्लॅशवरूनच वेडे झाले.

स्पिरिट ही नासाची गाडी ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावरच्या गुसेव विवरात उतरली. गाडीतला संगणक फक्त २० मेगाहर्ट्झचा, चालू स्मरण १२८ एमबी आणि फ्लॅश २५६ एमबी. दिवसभर काढलेली छायाचित्रे आणि मोजमापे फायलींच्या रूपाने फ्लॅशवर ठेवायची, संधी मिळाली की पृथ्वीकडे पाठवायची. फायली ठेवायची मांडणी आपली ओळखीचीच, तीच ती फॅटच्या घराण्यातली. अठरा दिवस सगळे छान चालले. २१ जानेवारीला गाडी गप्प झाली.

आधी वाटले पाऊस. ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळच्या ज्या अँटेनावरून संदेश जात होते तिथे वादळी पाऊस चालू होता. पण पाऊस थांबला तरी गाडी नीट बोलेना. कधी नुसती एक शीळ, कधी अर्धवट काहीतरी. दोन दिवसांनी थोडी माहिती आली तेव्हा कळले की गाडी सारखी बंद पडून पुन्हा सुरू होते आहे. साठहून जास्त वेळा झाले होते. त्याहून वाईट म्हणजे ती रात्री झोपतच नव्हती. मंगळावरच्या रात्री झोपायचे ते बॅटरी वाचवायला, आणि इकडे बॅटरी उतरत चालली होती. संदेश जायला दहा मिनिटे, उत्तर यायला दहा मिनिटे. आणि २५ जानेवारीला तिची जुळी बहीण ऑपर्च्युनिटी मंगळाच्या दुसऱ्या बाजूला उतरायची होती, तीही याच बांधणीची, याच प्रोग्रॅमची. त्या खोलीत बसलेल्यांची काय अवस्था झाली असेल!

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे प्रमुख ग्लेन रीव्ह्ज आणि त्यांचे सहकारी यांनी तर्क लावला. गाडी उठताना फ्लॅशमधल्या सगळ्या फायलींची अनुक्रमणिका चालू स्मरणात उतरवून घेते. फायली जितक्या जास्त तितकी अनुक्रमणिका मोठी. पृथ्वी ते मंगळ या सात महिन्यांच्या प्रवासातल्या फायलीही अजून तिथेच होत्या. त्यात या मांडणीचा एक जुना स्वभाव असा की फाइल खोडली तरी अनुक्रमणिकेतली तिची ओळ जात नाही, नुसती 'खोडली' अशी खूण होते. ओळ जागा अडवतेच. एक दिवस अनुक्रमणिका चालू स्मरणात मावेना. मावेना म्हणून काम अडले, अडले म्हणून यंत्राने स्वतःला बंद करून पुन्हा सुरू केले, आणि सुरू होताना पहिले काम कोणते? तीच अनुक्रमणिका उतरवून घेणे. पुन्हा मावेना. पुन्हा बंद.

चुटपुट लावणारी गोष्ट पुढेच आहे. हा फायलींचा ढीग काढून टाकायला हवा हे त्यांना आधीच माहीत होते. साफसफाईचा एक प्रोग्रॅम काही दिवसांपूर्वीच दोन भागांत पाठवलाही होता. एक भाग पोचला, दुसरा पोचला नाही. तो पुन्हा पाठवायचा दिवस ठरला होता एकोणिसावा. गाडी पडली अठराव्या दिवशी. दर दिवाळीला "ठेवतो" म्हणणाऱ्या माणसाने हे वाचून काय म्हणावे?

सुटका कशाने झाली? फ्लॅशकडे न बघता नुसत्या चालू स्मरणावर उठायची एक वाट त्यांनी आधीच ठेवलेली होती. त्या अवस्थेला नावही 'पांगळी' अशा अर्थाचे दिलेले. गाडी उठल्यावर पुन्हा पडायच्या आत ती आज्ञा पोचवायची होती. पोचली. गाडी फ्लॅश न उघडता उठली, शांत झाली, बोलायला लागली. मग हजारो फायली काढल्या आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फ्लॅश फॉरमॅट केली. तेच ते फॉरमॅट, जे मी केले. त्यांनी आधी वर आहे ते उतरवून घेतले, मग केले, हा फरक. नव्वद दिवसांसाठी पाठवलेली स्पिरिट मार्च २०१०पर्यंत बोलत राहिली.

जुळी बहीण आणखी दीर्घायुषी. पण दहा वर्षांनी तिचीही पाटी झिजली. २०१४च्या अखेरीला ऑपर्च्युनिटीला विस्मरण व्हायला लागले. दिवसभराचे काम रात्री विसरायची. तिच्या फ्लॅशचे सात भाग होते, त्यातला सातवा खराब झाला होता. मार्च २०१५मध्ये, सातव्या भागाकडे बघायचेच नाही असा प्रोग्रॅम पाठवून उरलेल्या सहा भागांवर फ्लॅश पुन्हा आखून घेतली. एवढ्या लांबून केलेली ही वाटणीच. त्याच महिन्यात तिने ४२.१९५ किलोमीटर, म्हणजे मॅरेथॉनचे अंतर पूर्ण केले. विस्मरण काही कायमचे गेले नाही, थोड्याच काळात परत आले. मग मंडळींनी फ्लॅशचा नाद सोडला. ती दिवसभर जे पाही ते झोपायच्या आत पृथ्वीला सांगून टाकी. सकाळी कोरी. अशी ती जून २०१८पर्यंत चालली. हे वाचताना मला आमच्या आईची शेवटची तीन वर्षे आठवली, पण तो विषय वेगळा आहे.

शिक्षक म्हणून एक गोष्ट इथेच नोंदवतो. २००७ साली मी निवृत्त झालो त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका एकशिक्षकी शाळेत मुलांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप दिले गेले होते. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या अमेरिकेतून सुरू झालेल्या योजनेतला भारतातला तो पहिला प्रयोग. त्या लॅपटॉपमध्येही हार्ड डिस्क नव्हती, १ जीबी फ्लॅश होती, आणि संगणक चालवणारा प्रोग्रॅम आणि मुलांची चित्रे-गाणी सगळे एकाच खोलीत. अनेक देशांतून पुढे तक्रार आली की मुलाने फोटो काढून काढून फ्लॅश भरली की लॅपटॉप उठतच नाही. उठताना त्याला स्वतःला चार ओळी लिहायला जागा लागायची आणि ती मुलाने खाल्लेली असायची. स्पिरिटचाच आजार, फक्त मंगळावर नव्हे, मुलाच्या मांडीवर. आमच्याही शाळेत पहिली ते चौथी एका खोलीत बसायची. चौथीचा गोंधळ वाढला की पहिलीचे पाढे बंद. गुरुजींनी मधे दोन फळे उभे केले तेव्हा कुठे जमले.

रविवारी भाचा आला. त्याने कार्डाला हात लावण्याआधी कार्डाची बाइट न् बाइट आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतली. कोरी दिसणारी जागासुद्धा. मला म्हणाला, "मामा, चार सेकंदांत बत्तीस जीबी पुसून होत नाही. तुम्ही शेत नांगरलं नाहीत, फक्त उतारा बदललात." म्हणजे मी सांगितलेला सातबारा त्याला पटला होता तर! विंडोजने दुसऱ्या वाटणीच्या सुरुवातीला स्वतःच्या लिपीतली नवी, रिकामी अनुक्रमणिका लिहिली होती. त्या जागेत जे होते ते गेले. त्यामागची माती तशीच होती. पण कुठली फाइल कुठे, तिचे नाव काय, हे सांगणारी जुनी अनुक्रमणिका आता भरवशाची राहिली नव्हती. मग त्याने एक प्रोग्रॅम लावला. तो अनुक्रमणिका बघतच नाही, सगळी माती चाळतो आणि ध्वनिफितीची सुरुवात जशी असते तशी काही अक्षरे दिसली की तिथून पुढे उचलतो. रात्री अकरापर्यंत चालले. मी दोनदा चहा केला. दुसऱ्यांदा साखर विसरलो.

४९ फायली निघाल्या. काही अर्धवट तुटलेल्या. नावे कोणालाच नाहीत, नुसते आकडे.

पुढचे दोन महिने मी रोज दुपारी एकेक लावून ऐकली आणि वहीत लिहिले, ही कुठली, कोणावरची, पूर्ण की तुटकी. ६३पैकी ४४ हाती लागल्या. १९ गेल्या. त्यात माहेरच्या वाटेवरच्या जवळजवळ सगळ्या गेल्या. माझ्या वहीत त्यांच्या पहिल्या ओळी आहेत, चाल नाही. माझ्या मेहुणीला, म्हणजे हिच्या बहिणीला, त्यातल्या चार येतात असे ती म्हणते. गणपतीनंतर बार्शीला जाऊन त्या घेणार आहे.

भाच्याने नवे कार्ड करून दिले आहे. आता तीन वाटण्या. पहिली छोटी, जागे होण्यापुरती. दुसरीत लिनक्स. तिसरीत फक्त ओव्या, आणि ती नुसती वाचायची. वीज गेली तरी तिथे कोणी काही लिहीत नसेल, म्हणून अर्धवट काही राहणार नाही. मी कौतुकाने बघत होतो तर म्हणाला, "पण मामा, वाटणी म्हणजे प्रत नव्हे. कार्ड गेलं की तिन्ही खोल्या एकदम जातात." म्हणून एक प्रत त्याच्याकडे, एक मुलीकडे नाशिकला. यंदा "ठेवतो" म्हणालो नाही, समोर बसून ठेवून घेतली.

४९तून ४४ गेल्या तर उरल्या पाच, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेल. त्या पाच माझ्या यादीतल्या नव्हत्याच. २०१८ साली फोनवरून कार्डावर घेतल्यावर जी मुद्रणे बिघडलेली वाटली ती मीच खोडून टाकली होती. खोकला आला म्हणून, मधेच दारावर कोणी आले म्हणून. खोडली होती, पण जागेवरच होती. चाळताना तीही वर आली.

त्यातले एक ४० सेकंदांचे आहे. आधी भांड्याचा आवाज. मग ही विचारते, "हे लाल दिसतंय, म्हणजे चालू आहे ना?" मी म्हणतो, "हो, म्हण आता." ती घसा साफ करते, पहिला शब्द उचलते, आणि कुकरची शिट्टी होते. "थांबा हो, भात लागेल," म्हणते आणि पावले आत जातात. पुढे बारा सेकंद रिकामी खोली आहे, मग मी बंद केले असावे.

त्या फाइलला नाव दिलेले नाही. आकडाच ठेवला आहे, तिसऱ्या वाटणीत.